मुदतवाढ नावाचा पॅच

दर ऑगस्टात बुलढाणा जिल्ह्यात दोन गोष्टी न चुकता येतात. सोयाबीनवर चक्रीभुंगा आणि मोबाइलवर नवं व्हर्जन. चक्रीभुंग्यावर निदान फवारणी तरी आहे.

व्हर्जन म्हणजे ई-पीक पाहणीचं. जुनं ॲप काढा, नवं घ्या, जिल्हा-तालुका-गाव पुन्हा निवडा, खातेदार पुन्हा शोधा, सांकेतांक पुन्हा टाका. नव्यात नवं काय, हे विचारू नये. त्या जागी जगातला कुठलाही ॲपवाला एकच ओळ लिहितो: किरकोळ दोष दूर केले असून कार्यक्षमता वाढवली आहे. कोणते दोष, कोणाला भोवलेले, कोणी कळवलेले, याचा पत्ता नसतो. ऑपरेशन करून डॉक्टरनं ‘आतलं काहीबाही काढलंय, या आता’ म्हणावं आणि पेशंटनं हात जोडून घरी जावं, असा हा व्यवहार.

सॉफ्टवेअरच्या धंद्यात नवं व्हर्जन सोडलं की दुसऱ्या दिवसापासून खरं काम सुरू होतं. विंडोज असो, अँड्रॉइड असो की लिनक्स, तक्रारींचा लोंढा येतो. एक टोळी बसून त्या वाचते, चाळते, क्रम लावते. कोणती आज, कोणती उद्या आणि कोणती कधीच नाही, यावर तिथे हमरीतुमरी होते. आपल्याकडे व्हर्जन सोडलं की सादरीकरण होतं. आढावा बैठकीत पडद्यावर हिरवे खांब उभे राहतात, अमुक तालुका इतके टक्के, तमुक इतके. अडकलेल्यांचा खांब नसतो. त्याला रंग कोणता द्यायचा हेही अजून ठरलेलं नाही.

हे ॲप टाकाऊ नाही, एवढं आधीच सांगून टाकतो, नाहीतर उद्या कोणी तरी मला विकासविरोधी ठरवायचा. १५ ऑगस्ट २०२१ ला ते राज्यभर आलं. महसूल खातं, कृषी खातं आणि जोडीला टाटा ट्रस्ट. घोषवाक्य झकास: माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदविणार माझा पीकपेरा. त्याआधी पीकपेरा तलाठी नोंदवायचा. नियमानं त्यानं वावरात जाऊन पाहायचं, पण एका तलाठ्याकडे गावं किती आणि दिवस किती, याचा हिशेब करणाऱ्याला कळेल की बरीचशी पाहणी चावडीत बसूनच उरकत असणार. वावरात तूर आणि सातबाऱ्यावर ज्वारी, असे चमत्कार गावोगाव ऐकायला मिळतात. ते थांबवायचं तर ज्याचं वावर त्यानंच फोटो काढून नोंद करावी, तलाठ्यानं त्यातल्या दहा टक्के नोंदी तपासाव्यात, ही कल्पना सरळ आणि शहाणी होती. (तलाठ्याचंही मध्यंतरी ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालं. काम तेच, साझा तोच, फक्त व्हर्जन नवं.)

पण या नोंदीवर काय काय लटकवलंय ते पाहा. गाव नमुना बारावर सोयाबीन नसेल तर हमीभावाच्या केंद्रावर सोयाबीन चालत नाही. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. बाजारात भाव त्याच्या खाली रेंगाळत असेल तर त्या एका नोंदीची किंमत शेतकरी बोटावर मोजून सांगतो. अतिवृष्टीचा पंचनामा, पीकविमा, पीककर्ज, सगळीकडे बाराचा उतारा. २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनला हेक्टरी पाच हजार, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, असं अर्थसाहाय्य सरकारनं २०२४ मध्ये जाहीर केलं, तेव्हाही आधी अट घातली ती ई-पीक पाहणीचीच. थोडक्यात, एका ॲपच्या एका बटणावर वर्षाचा प्रपंच उभा. असं बटण दाबलं जात नाही तेव्हा तो दोष ‘किरकोळ’ म्हणायचा की नाही, हे ज्याचं वावर आहे त्याला विचारायला हवं. विचारत कोणी नाही.

आता बटण दाबायला आपण वावरात जाऊ. घाटाखालचा संग्रामपूर तालुका धरा, अंबाबरव्याच्या पायथ्याकडचं एखादं गाव. ऑगस्टचा शेवट, सोयाबीन मांडीला लागलेलं, पायाला चिखलाचे गोळे. बाप पुढे, पोरगा मागे. पोराच्या हातात मोबाइल, मोबाइलमध्ये ॲप. २०२४ च्या रब्बीपासून हे ॲप केंद्राच्या डिजिटल क्रॉप सर्व्हेला जोडलं गेलं आणि गटाच्या पन्नास मीटरच्या आतूनच फोटो काढायची सक्ती आली. घरी बसून कोणाच्याही पिकाचा फोटो चढवू नये म्हणून. हेतू इथेही नेक.

पोरगा म्हणतो, “बाबा, हे म्हनते आपन वावरात नाई.”

“मंग कोठी हाओत आपन?”

“हे त दूर दाखोते. मोठ्या बाबाच्या वावरात उभं राहा म्हनते.”

“तेयच्या वावरात पाय ठेवला त पुन्हा कोर्टात जा लागन.”

तरी धुरा ओलांडून दोघं जातात. तिथे ॲप खूश. जागा बरोबर, काढा फोटो. पण तिथे आहे पऱ्हाटी. म्हणजे जिथे यांचं सोयाबीन आहे तिथे ॲपच्या मते यांचं वावर नाही आणि जिथे ॲपच्या मते यांचं वावर आहे तिथे चुलत्याचा कापूस. फोटो काढला तर पीक खोटं, न काढला तर नोंद नाही. पोरगा मोबाइल बंद करून चालू करतो. मग स्वतः चार पावलं इकडे, चार तिकडे करून पाहतो. बाप म्हणतो, “वर धरून पाह्य.” पोरगा हात वर करतो. उपग्रहाला मोबाइल सहा फूट जवळ गेल्यानं काही होत नसतं, पण असं करून पाहिलं नाही असा माणूस मला अजून भेटायचा आहे.

हा बग कुठून येतो हे गूढ नाही. मोबाइलचा जीपीएस मोकळ्या आभाळाखालीही काही मीटर इकडेतिकडे होतो, स्वस्त हँडसेटमध्ये जरा जास्तच. दुसरं कारण त्याहून जुनं. गावनकाशे मूळचे इंग्रज आमदानीतल्या मोजणीचे. ते कापडावरून, कागदावरून संगणकावर आले, मग उपग्रहाच्या चित्रावर ताणून बसवले गेले. कुठे चपखल बसले, कुठे गट शेजारच्या गटावर सरकला. त्यात पोटहिश्शांची वाटणी तोंडी, धुरा नांगरानं दर साली हातभर हललेला. कागदावरची रेघ आणि वावरातला धुरा यांचं कधी जमलंच नव्हतं. तलाठी चावडीत बसायचा तोवर हे झाकलेलं होतं. ॲपनं ते उघडं पाडलं, हे खरं तर ॲपचं मोठंच काम झालं. पण दोष उघडा पडल्यावर तो लिहून घ्यायला कोणी तरी बसलेलं लागतं.

लिहून घेण्याचा प्रवास असा. बाप तलाठ्याला फोन करून सांगतो: गट अमुक, आम्ही धुऱ्यावर उभे, ॲप आम्हाला उत्तरेच्या वावरात दाखवतं, तिकडे कापूस आहे, आमच्यात सोयाबीन, तीनदा केलं, तीनदा तेच. ही उत्तम तक्रार आहे. जगातल्या कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीत तक्रारदाराला तीनच गोष्टी विचारतात: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. बापानं तिन्ही सांगितल्या, वर पुन्हा करून पाहिल्याचंही सांगितलं. त्याला उद्या बंगळुरूला नोकरी द्यायला हरकत नाही.

तलाठी तालुक्याला कळवतो: काही गटांत लोकेशन चुकीचं येत आहे. तालुका जिल्ह्याला कळवतो: लोकेशन व नेटवर्कची अडचण. जिल्हा पुण्याला, जमाबंदी आयुक्तालयाकडे कळवतो: नेटवर्कची अडचण. आणि तिथून वरच्या टिपणीत वाक्य उमटतं ते साधारण या थाटाचं: दुर्गम भागात नेटवर्कअभावी व तांत्रिक माहितीअभावी अडचणी येत असून शेतकऱ्यांमध्ये जनजागृती करणे आवश्यक. चुलत्याचा कापूस तलाठ्याच्या पुढे गेलाच नाही. वावरातून निघालेली पाच वाक्यांची तक्रार मुंबईत पोचेपर्यंत शेतकऱ्यालाच बग ठरवून मोकळी होते.

दुसऱ्या टोकाची बाजूही सांगितली पाहिजे. सगळेच बाप असे नसतात. बहुतेक तक्रारी ‘चालून नाई राह्यलं’ या दोन-तीन शब्दांत येतात. कोणतं व्हर्जन? नवं. कोणता हँडसेट? काळा. काय दिसतं पडद्यावर? काहीच नाही. हेल्पलाइनवरचा पोरगा पगारापुरता माणूस, तो म्हणतो स्क्रीनशॉट पाठवा. इकडे स्क्रीनशॉट म्हणजे दुसऱ्या मोबाइलनं पहिल्या मोबाइलचा काढलेला हललेला फोटो, ज्यात ॲपपेक्षा अंगठा ठळक. पुण्यातला इंजिनिअर तो पाहतो आणि स्वतःच्या मोबाइलवर ॲप उघडतो. चालतं! पुण्यात बसून पाहिल्यावर चालणारच की. जगभरच्या प्रोग्रामरांचं हे आवडतं उत्तर आहे, ‘माझ्याकडे तर सुरू आहे’. ते खरंही असतं. फक्त सोयाबीन त्याच्याकडे नसतं.

जिल्ह्यात एक रिलीज मात्र असं आहे, ज्यावर वापरणाऱ्यांची तक्रार म्हणून येत नाही. जळगाव जामोद तालुक्यात पूर्णेकाठी भेंडवळ. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी वावरात घट मांडायचा, भोवती अठरा धान्यं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे वाघ महाराजांच्या घराण्यातल्यांनी पाहून सांगायचं, पाऊस कसा, पिकं कशी, राजा कसा. तीनशेहून अधिक वर्षांची परंपरा सांगतात. दर साली नवं व्हर्जन, वेळेवर, एकदाही मुदतवाढ नाही. अंनिसवाले त्यातले दोष दाखवत आले आहेत. पण घट मांडणाऱ्यांनी कधी पॅच काढला नाही आणि वापरणारे कमी झाले नाहीत. सरकारी यंत्रणेला याचा मत्सर वाटत असेल तर मी समजू शकतो.

आता मुद्द्यावर. तक्रारी दोन जातीच्या असतात. एक सगळ्यांची. सर्व्हर बसला की संग्रामपूरपासून सिंदखेड राजापर्यंत तेराही तालुके एकदम बसतात, घाटावरचे आणि घाटाखालचे एकाच सुरात ओरडतात. वर्तमानपत्रांत चौकट येते, आमदार पत्र देतात, कृषीमंत्र्यांना मंचावर विचारणा होते. मग आपल्या राज्याकडे असलेला एकमेव पॅच बाहेर निघतो: मुदतवाढ. २०२५ च्या खरिपातही तेच झालं. १ ऑगस्टला सुरुवात, शेतकऱ्यांसाठी मुदत सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. ती सरकत सरकत महिनाअखेरीला गेली. मुदतवाढीनं सर्व्हर दुरुस्त होत नाही. ओरड करणारी गर्दी फक्त पुढच्या तारखेला ढकलली जाते, आणि त्या शेवटच्या तारखेला सगळे पुन्हा एकदम चढतात, सर्व्हर पुन्हा बसतो. पण मुदतवाढीत एक गुण आहे. ती द्यायला दोष काय होता हे कळावं लागत नाही.

दुसरी जात एकट्याची. गट शेजारी सरकलेला. खातं दिसतच नाही. सामायिक खात्यात भावाचं नाव दिसतं, आपलं नाही. विहीर, बोअर नोंदवली तरी शेत कोरडवाहूच. असे लोक गावात दोन, तालुक्यात शे-दीडशे. यांना मुदतवाढ दिली काय आणि न दिली काय, महिनाभर जास्त वेळ मिळाला तरी गट काही आपल्या जागी चालत येत नाही. यांच्यासाठी गावात सहाय्यक नेमलेत म्हणे. नेमलेत खरे. पण सहाय्यकाच्या हातातही तेच ॲप, त्यात तोच नकाशा, आणि त्यालाही चुलत्याच्याच वावरात उभं राहायला सांगतं.

डोकी मोजून तक्रारीचं वजन ठरवायची ही खोड आपलीच आहे असं समजून खजील होऊ नका. मायक्रोसॉफ्टनं हे करून पाहिलेलं आहे. २ ऑक्टोबर २०१८ ला विंडोज १० चं मोठं अपडेट आलं आणि चारेक दिवसांत कंपनीला ते थांबवावं लागलं. काही लोकांच्या फायलीच गेल्या. फोटो, कागदपत्रं, वर्षांचं काम. ज्यांनी ‘डॉक्युमेंट्स’सारखे फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर वळवले होते पण जुन्या जागी काही फायली तशाच राहिल्या होत्या, त्यांचं जुनं फोल्डर अपडेटला दुबार वाटलं. त्यानं ते आतल्या ऐवजासकट साफ केलं. वळवलेलं घर आणि जुनं घर यांत कोणतं खरं, हे त्यालाही कळलं नाही. सातबाऱ्यावाल्यांना हे दुःख सांगायला नको.

खरी गंमत पुढे आहे. हे अपडेट सोडण्याआधी लाखो स्वयंसेवक ते वापरून पाहत होते आणि त्यांच्यापैकी काहींनी फायली गेल्याचं महिनोन् महिने आधी कळवलंही होतं. पण त्या तक्रारी खाली पडून राहिल्या, कारण त्यांना मतं कमी होती. ज्या तक्रारीला जास्त लोक ‘मलाही’ म्हणतील ती वर, असा तो हिशेब. बटणाचा रंग आवडला नाही म्हणणारे हजार आणि आयुष्यभराचे फोटो गेले म्हणणारे पाच, तर रंग वर. कंपनीनं नंतर सांगितलं की अपडेट घेतलेल्यांपैकी टक्क्याच्या शंभराव्या भागाइतक्याच लोकांनी फायली गेल्याचं कळवलं. म्हणजे दहा हजारांत एक. आकडा ऐकून पोटात गोळा येत नाही. त्या एकाला मात्र आला असणार. मायक्रोसॉफ्टनं पुढे एक गोष्ट शहाणपणाची केली. तक्रारीच्या अर्जात नुकसान किती गंभीर, याचा रकाना वाढवला. किती जणांना त्रास, याच्या शेजारी किती त्रास. मग १३ नोव्हेंबरला तेच अपडेट पुन्हा सोडलं.

हा रकाना आपल्याकडेही आहे, फक्त तो ॲपमध्ये नसून रस्त्यावर आहे. बुलढाणा जिल्ह्याला हे सांगायची गरजच नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये शेतकरी नेते रविकांत तुपकरांनी बुलढाण्यात सोयाबीन-कापूस उत्पादकांचा एल्गार मोर्चा काढला, फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रकरण आत्मदहनाच्या प्रयत्नापर्यंत आणि लाठीमारापर्यंत गेलं. नेत्याविषयी कोणाचं काहीही मत असो, पद्धत नीट पाहा. तक्रार किती गंभीर आहे हे वर कळवायला इथे अंगावर पेट्रोल ओतावं लागतं. २०२४ च्या त्या हेक्टरी पाच हजारांतही गर्दीनंच काम केलं. याद्यांत नावं नाहीत म्हणून ओरड झाली आणि सातबाऱ्यावर पीक असेल तर ई-पीक पाहणीची अट शिथिल झाली. छान झालं. पण ज्याच्या सातबाऱ्यावरच पीक चढलं नव्हतं, तो याही पॅचमधून गळला. तो पुन्हा दहा हजारांतला एक.

याच जिल्ह्यात दोषाचा छडा नीट कसा लावतात याचाही नमुना आहे, आणि तो कोणी शिकत नाही म्हणून सांगतो. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं. अफवा पिकल्या, चमत्काराच्या गोष्टी आल्या. पण नमुने घेतले, नागपूरला नीरीकडे आणि पुण्याला आघारकर संशोधन संस्थेकडे गेले, आणि दीडेक महिन्यात उत्तर आलं: पाणी आटून खारटपणा वाढला, खाऱ्यात राहणारे सूक्ष्मजीव फोफावले, रंग त्यांचा. काय दिसलं, का झालं, कशामुळे झालं, सगळं जाहीर. तळ्यानं ना अर्ज केला, ना मोर्चा काढला. लोणारच्या तळ्यातल्या बगला जे मिळालं ते तळ्याकाठच्या शेतकऱ्याच्या ॲपमधल्या बगला मिळत नाही, याचं कारण सोपं आहे. तळं एकच आहे आणि ते उपग्रहातून नीट दिसतं.

बरं, अशी सवय सरकारला नाहीच, असंही नाही. २०१७ च्या उन्हाळ्यात महसूल खात्यानं संगणकावर चढवलेल्या सातबाऱ्यांचं चावडी वाचन केलं. गावात लोक जमवायचे, एकेक उतारा मोठ्यानं वाचायचा आणि विचारायचं, बरोबर आहे का? कोणाचं क्षेत्र गुंठ्यानं घटलेलं, कोणाच्या आजोबांच्या नावात काना जास्त, कोणाची बहीण वारसांत राहून गेलेली. लोक जागच्या जागी आक्षेप घ्यायचे. सॉफ्टवेअरवाले ज्याला बीटा चाचणी म्हणून मिरवतात ती हीच, फक्त इथे चहा होता. त्यातून दुरुस्त्या झाल्या, वर्षभरानं डिजिटल सहीचे सातबारे आले. सगळ्या चुका निघाल्या असं अजिबात नाही. तहसिलीत कलम १५५ खाली दुरुस्तीचे अर्ज आजही पडतात. जमीन महसूल संहिता १९६६ ची, तिच्यात लेखनप्रमाद सुधारायला हे कलम ठेवलेलं आहे. म्हणजे ज्यांनी ती लिहिली त्यांना नोंदवहीत चुका होणारच हे ठाऊक होतं आणि त्यांनी त्यासाठी दार ठेवलं. साठ वर्षांपूर्वीच्या कायद्यात दुरुस्तीचं दार आहे. पाच वर्षांपूर्वीच्या ॲपमध्ये मला ते शोधूनही सापडत नाही.

डेबियन नावाची एक लिनक्स आहे. जगभरचे लोक फुकट काम करून ती चालवतात. १९९७ साली त्यांनी वापरणाऱ्यांशी एक करार जाहीर केला आणि त्यात एक कलम असं की आम्ही दोष लपवणार नाही. नुसतं म्हटलं नाही, प्रत्येक तक्रारीला नंबर, आणि सगळी यादी उघड्यावर. ज्या दोषानं कोणाचा डेटा जाऊ शकतो तो एकट्याचा असला तरी वरच्या वर्गात, आणि असे दोष निस्तरल्याशिवाय नवी आवृत्ती काढायची नाही हा त्यांचा बाणा. तारीख विचारली तर उत्तर ठरलेलं, तयार होईल तेव्हा. आपल्याकडे तारीख आधी ठरते, ती १ ऑगस्ट किंवा १५ ऑगस्टच असते, आणि दोषांची यादी गोपनीय शाखेत.

डेबियनच्याच घराण्यातली उबुंटू. तिच्या संस्थापकानं, मार्क शटलवर्थनं, २००४ मध्ये तक्रार क्रमांक एक स्वतःच नोंदवली: बाजारात मायक्रोसॉफ्टचा वरचष्मा आहे. २०१३ मध्ये ती बंद केली. उबुंटूनं बाजार जिंकला म्हणून नव्हे. दरम्यान लोक मोबाइलकडे वळले, दुनिया बदलली, तक्रारीत दम उरला नाही. न सोडवलेली तक्रार काळानं सोडवली. मंत्रालयानं हा इतिहास वाचलेला दिसतो.

कारण शेतीतल्या तक्रारीला मुदत असते आणि ती मुदत कोणालाही वाढवता येत नाही. सोयाबीन शंभरेक दिवसांचं पीक. जूनअखेर पेरलं तर दसऱ्याच्या आगेमागे सोंगायला येतं. ‘आपले सरकार’वर तक्रार टाका, निपटाऱ्याला २१ दिवस. त्यातले आठ ती चुकीच्या टेबलावर, मग वर्ग होणार, मग गणपती, मग महालक्ष्म्या, मग जोडून सुट्ट्या. नकाशातला गट सरकलाय म्हटल्यावर ती महसूलकडून भूमी अभिलेखकडे जाणार, भूमी अभिलेख म्हणणार मोजणीची फी भरा. तोवर सुडी लागलेली असते. ढगांवर भरवसा नाही म्हणून लोक हडंब्याला नंबर लावून बसलेले असतात. आणि पीक वावरातून उठलं की ॲपच्या लेखी दोषही उठला. पाहायला पीकच नाही तर पाहणी कसली?

या सगळ्यावर माझ्यासारख्याचं मागणं फार थोडं आहे. नवं व्हर्जन सोडाल तेव्हा त्याच्या शेजारी, त्यात आजच माहीत असलेले दोष कोणते, तेही सोडा. मराठीत, चावडीच्या फळ्यावर. या या गावांचे नकाशे सरकलेले आहेत, त्यांनी धुऱ्यावर उभं राहून वेळ घालवू नये, त्यांची नोंद तलाठी हातानं घेईल. एवढं लिहायला ना सर्व्हर लागतो ना उपग्रह. खडू लागतो. पण त्यासाठी दोष आहे हे लिहून द्यावं लागतं, आणि लिहून देणं ही गोष्ट आपल्या कचेऱ्यांत फक्त अर्जदारानं करायची असते.

संग्रामपूरच्या त्या बापाचं काय होतं? ऑक्टोबर सरतो, सोयाबीन निघतं, वावर पुन्हा तयार होतं. नोव्हेंबरात हरभरा दोन पानांवर असताना पोराच्या मोबाइलवर मेसेज टुणकन वाजतो: आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे, कृपया उभ्या पिकाचा फोटो अपलोड करून सोयाबीनची नोंद पूर्ण करावी. पोरगा दोनदा वाचून दाखवतो. बाप हातातला विळा खाली ठेवतो.

“इचार तेयले,” तो म्हणतो, “हरबऱ्याचा चालते काय?”